अब्रेहेतची थोरली

अब्रेहेत आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा आली ती चुकीच्या दिवशी.

स्वीडनमधल्या सांडविकेन गावातलं ते चर्च खरं तर स्वीडिश लोकांचं. रविवारी पहाटे आम्ही एरिट्रियाची माणसं तिथे प्रार्थना करायचो, आणि मग धूप बाहेर जावा म्हणून खिडक्या उघडून आम्ही निघालो की ते लोक यायचे. ही बाई आली शनिवारी. त्या वेळी गावातल्या म्हाताऱ्या मंडळींचा नाताळच्या गाण्यांचा सराव चालला होता. हिला वाटलं, हीच प्रार्थना. बूट दाराशी काढले, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतली आणि मागच्या भिंतीशी जी उभी राहिली ती सराव संपेपर्यंत हललीच नाही. चर्चच्या किल्ल्या गुनवोरकडे असत. ती शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिने मला फोन केला.

"झाइद, तुमच्यातली एक बाई आलीय. रडतेय की गातेय, मला काही कळत नाही. तू ये."

मी गेले. "बाई गं, आज शनिवार," मी तिला आमच्या बोलीत म्हटलं. "आपली प्रार्थना उद्या असते."

तिने त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "मग हे काय करत होते?"

"सणाची तयारी."

"गातात छान," ती म्हणाली. "पण देवापुढे बसून गातात?"

मला हसू आलं. आमच्यात प्रार्थना उभ्यानेच करतात. तिला मी घरी घेऊन आले आणि जेवायला घातलं. डाळीच्या पिठाची आमटी आणि इंजेरा, आमची आंबवलेल्या पिठाची मऊ भाकरी. बऱ्याच दिवसांनी आपल्या चवीचं पोटात गेलं असणार. जेवता जेवता ती बोलती झाली. मेंदेफेराजवळच्या एका खेड्यातली ती. नवरा सक्तीच्या फौजेत होता, पळताना सापडला आणि तुरुंगातच वारला. मग शिपाई हिच्या दाराशी येऊ लागले. मुलं आईकडे ठेवून ती निघाली. पुढे सुदान, वाळवंट, लिबिया आणि समुद्र. वाटेत काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्यात ते कोणी कोणाला विचारत नाही.

"मुलं किती?" एवढंच मी विचारलं.

"तीन. थोरली रिगात, मग दानाईत, आणि शेंडेफळ यारेद." थोरलीचं नाव घेताना ती जरा सावरून बसली. "रिगात आहे म्हणून मी निघू शकले. नुसती दहा-अकरा वर्षांची आहे, पण माझ्या आईलासुद्धा दटावते."

आमचं मरियमचं, येशूच्या आईच्या नावाचं, मंडळ आहे. दर महिन्याच्या मरियमच्या दिवशी आम्ही बायका एकेकीच्या घरी जमतो, प्रार्थना करतो, जेवतो आणि मग तीन फेऱ्यांची कॉफी होते. कोणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, मंडळ हजर. अब्रेहेत त्यात आली आणि वर्षभरात आम्हा सगळ्यांना तिच्या हातच्या हिंबाशाची चटक लागली. तो जाड, गोडसर पाव आम्ही सगळ्याच करतो, पण तिचा मऊपणा कोणाला साधत नसे. तिला राहायचा परवाना मिळाला, रुग्णालयाच्या धुलाईघरात काम मिळालं, दोन खोल्यांचं घर मिळालं. घर मिळाल्याबरोबर तिने तीन पलंग आणले. स्वतः ती स्वयंपाकघरात गादी टाकून झोपायची.

मुलांना बोलावून घेण्याचा अर्ज गुनवोरने भरून दिला. तेवढ्यात तिकडे अब्रेहेतची आई वारली. तिघं पोरं उघड्यावर पडली. नात्यातल्या कोणाची तरी सोबत होती म्हणे, पण ती माणसं सरहद्दीच्या अलीकडेच परत फिरली. रिगातने यारेदला पाठीला बांधलं, दानाईतचा हात धरला आणि नदी ओलांडून ती पलीकडे इथिओपियात गेली. आधी छावणीत, मग अदिस अबाबाला. मुलाखती तिथल्या स्वीडनच्या वकिलातीत व्हायच्या होत्या. माझी थोरली बहीण ब्रिक्ती अदिसला राहते. तिने आपल्या आवारातली एक खोली त्यांना दिली.

दर रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या ओसरीत फोन लागायचा. अब्रेहेत तो मोठ्या आवाजावर ठेवायची, म्हणजे आम्ही सगळ्या ऐकायचो.

"आई, यारेदने परत चप्पल हरवली," रिगात सांगायची.

"मारलंस का त्याला?"

"मारीन कशाला? त्याला सांगितलं, अनवाणी मुलांना स्वीडनवाले विमानातून उतरूच देत नाहीत. तेव्हापासून चपला घालून झोपतो."

मागून दानाईत ओरडायची, "आई, ही आम्हाला रोज मसूर घालते!"

"उपास आहेत ना गं बाळा, मांस-दूध चालत नाही."

"उपास संपले तरी मसूरच असतात!"

"तुझ्या ताटात मी कोंबडी कुठून आणू? पिसं लावून तूच बस," रिगातचं उत्तर तयार असायचं. आम्ही ओसरीत पोट धरून हसायचो. गुनवोरला भाषा कळत नसे, पण तीही हसायची. आपल्या थर्मासमधली कॉफी ती आम्हा सगळ्यांना द्यायची. गुनवोरची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, पण आम्ही ती मुकाट्याने प्यायचो.

मग परवाने देणाऱ्या स्वीडिश कचेरीने नात्याची तपासणी मागितली. इकडे अब्रेहेतच्या आणि तिकडे तिन्ही मुलांच्या गालाच्या आतून नमुने घेतले गेले. अशी तपासणी सगळ्यांचीच व्हायची, म्हणून आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अब्रेहेतही काही बोलली नाही. मुलं येणार म्हणून ती यारेदसाठी बर्फातले बूट शोधत फिरत होती.

निकाल आला त्या दिवशी गुनवोर आणि मी तिच्या स्वयंपाकघरात होतो. अब्रेहेत कणीक मळत होती. गुनवोरने वाचलं आणि तिचा चेहरा फुलला. "यारेदला परवानगी. दानाईतला परवानगी." मी दोन्ही हात वर करून आनंदाची किलकारी दिली. पण गुनवोर पुढे वाचतच राहिली, मग पुन्हा वरून वाचू लागली.

"आणि रिगात?" मी विचारलं.

गुनवोर माझ्याकडे बघत म्हणाली, "झाइद, हिला तू सांग. ते म्हणतात, रिगात हिची मुलगी नाही."

मी सांगितलं. अब्रेहेतने कणकेतून हात काढले नाहीत.

"मेहरेतची आहे," ती म्हणाली. "माझ्या थोरल्या बहिणीची. बाळंतपणात गेली ती. बाप आधीच लढाईत गेला होता. माझं नुकतं लग्न झालं होतं. शेळीचं दूध कापसाने पाजून वाढवली मी तिला."

"अगं, मग आधी का नाही बोललीस? इथे आल्यावर पहिल्या मुलाखतीत सांगायचं होतंस!"

"मला कोणी विचारलं? मुलं किती, एवढंच विचारलं. मी तीन म्हटलं. दोन म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, ताई."

गुनवोरने विचारलं, दत्तक घेतल्याचा काही कागद? मी तो प्रश्न अब्रेहेतला केलासुद्धा नाही. आमच्या खेड्यात आई गेली की मावशी मूल उचलते. त्यासाठी कचेरीत कोण जातं?

"रिगातला माहीत आहे?" मी विचारलं.

अब्रेहेतने नुसती मान हलवली. नाही.

आम्ही अपील केलं. आमचे पाद्री आबा तेवेल्दे दिवसा बस चालवतात आणि रविवारी वेदीपुढे उभे राहतात. त्यांनी रजा टाकली आणि स्वतः वकिलाकडे गेले. आमच्या धर्मात बाप्तिस्म्याच्या वेळी जी बाई मुलीला हातात धरते ती तिची देवापुढची आई, आणि रिगातला अब्रेहेतनेच धरलं होतं, असं त्यांनी लिहून दिलं. अब्रेहेतच्या गावातल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून तशी साक्षही मागवली. गुनवोरने स्वीडिश चर्चच्या मंडळींकडून पत्रं लिहून घेतली. आम्ही बायकांनी उपास धरले आणि मरियमपुढे कपाळ टेकून टेकून गुडघे सुजवले. कचेरीचं म्हणणं एकच होतं. ही बाई एकदा खोटं बोलली आहे, आता हिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? अपील फेटाळलं गेलं.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर अब्रेहेत आबांसमोर जाऊन उभी राहिली. "आबा, देवाने माझं ऐकलं नाही का?"

आबांनी हातातला क्रूस खाली ठेवला. "मला माहीत नाही, पोरी. मी त्याचा पाद्री आहे. त्याच्या मनातलं मला कळत असतं तर मी तुला आधीच सांगितलं असतं." आणि ते तिच्याबरोबर पायरीवर बसून राहिले. मला तेव्हा आबांचा राग आला होता. दिलासा द्यायला काय जातं, असं वाटलं. आता वाटतं, त्यांनी बरोबर केलं.

दोन परवानग्यांची मुदत संपत चालली होती. मंडळात वाद पेटला.

"दोघांना आधी आण," एक म्हणाली. "थोरलीचं मागाहून बघू."

"मागाहून म्हणजे? ती एकटी पोर त्या शहरात काय करेल?"

"आणि नाही आणलं तर तिन्ही तिथेच कुजतील! मग काय मिळवलंस?"

"तुझी असती तर अशी बोलली असतीस का गं?"

अब्रेहेत कोपऱ्यात कॉफीचे कप पुसत होती. पुसलेलेच कप परत पुसत होती. शेवटी ती म्हणाली, "मी जाते. फोनवर हे सांगायचं नाही मला."

तिकिटाचं मंडळाने पाहिलं. माझी बहीण तिकडे होती म्हणून मी सोबत गेले.

ब्रिक्तीच्या आवाराच्या फाटकाशी तिघं उभी होती. रिगात आता आईहून उंच झाली होती. यारेद तिच्या झग्यामागे लपला.

"अरे जा ना, आई आहे," रिगात त्याला पुढे ढकलत होती. "दर रविवारी बोलतोस ना फोनवर? तीच ही."

यारेदने मान बाहेर काढून पाहिलं आणि परत आत घेतली. अब्रेहेत खाली बसली, हात पुढे करून, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. दानाईत आली, गळ्यात पडली. यारेद काही आला नाही. तेव्हा रिगातनेच त्याला उचललं आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवलं, आणि तो रडू नये म्हणून स्वतः शेजारी बसली.

तिची ती एकच खोली काय टापटीप होती! भिंतीवर मरियमची तसबीर, तिच्याखाली शाळेच्या पिशव्या, घासूनपुसून ठेवलेली दोनचार भांडी. स्वीडनला जायचं म्हणून तिघांचे कपडे एका बॅगेत भरून तयार. तिघांचे.

अब्रेहेतला सांगणं जमेना. आज सांगते, उद्या सांगते. ब्रिक्ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "झाइद, त्या पोरीने बॅग तीनदा रिकामी करून परत भरली. मला बघवत नाही. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते."

मग एका सकाळी रिगात कॉफीचे दाणे भाजायला बसली असताना अब्रेहेतने सांगितलं. सगळं सांगितलं, मेहरेतपासून. मी दाराशी होते. रिगात दाणे हलवत राहिली. दाणे काळे झाले, जळाले, खोलीभर धूर झाला, तरी हलवतच राहिली. ब्रिक्तीने येऊन तवा उतरवला.

"मला कधी सांगणार होतीस?" रिगातने विचारलं.

"कधीच नाही."

"आजीला माहीत होतं?"

"गावाला माहीत होतं."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना." तिने धुराने आलेलं डोळ्यातलं पाणी पुसलं. धुरानेच आलं असेल. "त्या तपासणीला मी यांना घेऊन गेले. यारेद घाबरला होता. मी त्याला आधी करून दाखवलं, हे बघ, असं तोंड उघडायचं, काही दुखत नाही. सगळ्यात आधी मी तोंड उघडलं. आणि माझ्याच तोंडातून…"

अब्रेहेतने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती मागे सरली.

"तू म्हणशील तर मी कोणालाच नेत नाही," अब्रेहेत म्हणाली. "मीच इथे राहते. चौघं राहू."

"आणि खाशील काय? तिकडनं तू पाठवतेस म्हणून इकडे आमची चूल पेटते." रिगातचा आवाज एकदम त्या रविवारच्या फोनवरच्या मुलीसारखा झाला, दटावणारा. "मी नदीतून यांना आणलं ते काय इथे मसूर खायला? घेऊन जा यांना."

पुढच्या दिवसांत तिने स्वतःच्या हाताने बॅग पुन्हा भरली. आपले कपडे काढून खुंटीला लावले. दानाईतची वेणी घट्ट, बारीक घालून दिली, म्हणजे तिकडे कोणाला लवकर उलगडावी लागणार नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळी चर्चला गेलो. आमची रीत आहे, आत जाण्याआधी उंबऱ्याला ओठ टेकायचे. सगळ्यांनी टेकले. रिगात फाटकाबाहेरच उभी राहिली.

"ये ना गं," मी म्हटलं.

"माझं त्याच्याशी बोलणं नाही सध्या," ती म्हणाली. तिच्या तोंडावर राग वगैरे काही नव्हता. शेजारणीशी बोलणं नसावं तसं म्हणाली.

विमानतळावर आत सोडतात तिथवर ती आली. यारेदला अजून वाटत होतं, तीही येणार. तिने त्याचे बूट बांधले आणि उठून अब्रेहेतला म्हणाली, "मावशी, याला खिडकीशी बसवू नकोस, घाबरतो. आणि थंडीत खोकतो, छातीला तेल चोळावं लागतं."

मावशी. सोळा वर्षांत पहिल्यांदा. अब्रेहेतने माझा दंड धरला. तिची बोटं दोन दिवस माझ्या दंडावर उमटून होती. दार बंद झालं तेव्हा यारेदला कळलं. मग तो जो ओरडला ते मी इथे सांगत नाही.

सांडविकेनला चर्चच्या दारात सगळे जण वाट पाहत होते. लाह्या फोडल्या होत्या, फुलं आणली होती, बायका किलकाऱ्या द्यायला सज्ज होत्या. अब्रेहेत गाडीतून उतरली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "किलकाऱ्या नको. एवढं करा माझ्यासाठी." तेव्हा आबांनी हळू आवाजात प्रार्थना म्हटली आणि गुनवोरने यारेदच्या पायात बर्फातले बूट चढवले. ते लहान झाले होते.

यारेद वर्षभर बसथांब्यावर उभा राहायचा. "रिगात कोणत्या बसने येणार?" आबांच्या बसमध्ये चढून आतली माणसं बघून यायचा. मग शाळा, मित्र, फुटबॉल. हळूहळू विचारेनासा झाला. दानाईत मात्र विसरली नाही. काही बिनसलं की आईला म्हणायची, "तू तिला टाकून आलीस." अब्रेहेत उलट उत्तर देत नसे. मी एकदा दानाईतला झापलं, तर अब्रेहेत मलाच म्हणाली, "बोलू दे, ताई. घरात कोणीतरी तिचं नाव घेतंय."

तिने पुन्हा अर्ज केला. तो निकाली निघेपर्यंत रिगात अठराची झाली आणि सज्ञान म्हणून प्रश्नच मिटला, असं कचेरीने कळवलं. मंडळात नवी बाई आली की इतर जणी तिला गाव विचारायच्या. अब्रेहेत मात्र तिला स्वयंपाकघरात नेऊन विचारायची, "मुलं सगळी पोटची आहेत का? दिराची, बहिणीची, कोणाची असतील तर आजच सांग. आधीच सांग त्यांना." काहींना राग यायचा. एकीने तर तिला तोंडावर सांगितलं, तुला काय करायचंय माझ्या पोटाचं? पण पुढे त्याच बाईचा पुतण्या सुखरूप आला, तेव्हा त्याला घेऊन ती सगळ्यात आधी अब्रेहेतच्या घरी गेली.

रिगात ब्रिक्तीकडे होती. एका खानावळीत काम करायची. फोन उचलायची, नीट बोलायची, दोघांची चौकशी करायची, आणि ठेवायची. ब्रिक्ती मला सांगायची, तिच्या वयाची पोरं लिबियाच्या वाटेला लागतात, ही मात्र जात नाही. "म्हणते, एकदा नदी ओलांडली, पुरे झालं."

वाट शेवटी आबांनी काढली. कॅनडात कॅल्गरीला त्यांच्या ओळखीचं एक चर्च होतं. तिथली मंडळी मिळून निर्वासितांची हमी घेत, वर्षभर घर, जेवण, सगळं बघत. आबांनी त्यांना साकडं घातलं. गुनवोर तेव्हा चालताना काठी घ्यायची, तरी तिने पत्रव्यवहार सोडला नाही. काही वर्षं गेली त्यात. मग एक दिवस रिगातला होकार आला.

ती बातमी घेऊन गुनवोर आपल्या शाळेच्या दिवसांतला पृथ्वीगोल बगलेत मारून अब्रेहेतकडे गेली. "हे अदिस. हे आपण. आणि हे कॅल्गरी."

अब्रेहेतने बोटाने अंतर पाहिलं. "म्हणजे होती त्याहून लांब."

"पण सुखरूप असेल ती, अब्रेहेत."

"हो," ती म्हणाली. "देवाची कृपा. लांब आणि सुखरूप." मग तिने हिंबाशा भाजला आणि अख्ख्या जिन्यावरच्या घरांत वाटला.

कॅनडाचा पासपोर्ट हातात आल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, रिगात आली. आता ती तिकडे वृद्धाश्रमात काम करते. केस आखूड, चालणं झपझप. अब्रेहेतने महिनाभर आधीपासून खोली लावली होती. नवी चादर, नवा दिवा. आम्ही स्टेशनवर गेलो. गाडीतून उतरून तिने आम्हा सगळ्यांच्या गालाला गाल लावले, आणि घराकडे वळताना म्हणाली, "मी हॉटेलात खोली घेतलीय, तळ्याकाठी. सामान टाकून येते."

"हॉटेलात?" अब्रेहेत म्हणाली. "घर आहे की."

"मला कोणाकडे झोप लागत नाही हो, मावशी. वाईट वाटून घेऊ नका."

अहोजाहो. अब्रेहेत म्हणाली, "नाही नाही, वाईट कसलं."

जेवायला आली तेव्हा टेबलावर मावेना इतकं केलेलं होतं. यारेद तिच्यासमोर बसला, सहा फुटी जवान. त्याला आमची बोली मोडकीतोडकीच येते, तिला स्वीडिश येत नाही, म्हणून दोघं इंग्रजीत बोलत होते. दानाईत मला हळूच सांगत होती काय बोलतायत ते.

"तू मला पाठीला बांधून नदी पार केलीस म्हणे," यारेद म्हणाला.

"म्हणे? तुला आठवत नाही?"

त्याला लाज वाटली. "आई सांगते."

रिगात त्याच्याकडे बघून हसली. "बरंच झालं. पाणी फार गार होतं."

दानाईत उठून बाहेर गेली. परत आली ती डोळे धुऊन. त्या आठवड्यात या दोघी बहिणी रोज तळ्याकाठी फिरायला जायच्या, हातात हात घालून, आणि तेवढं बघून अब्रेहेतला बरं वाटायचं. "त्या दोघींचं जुळलं," ती मला सांगायची. स्वतःचं काही बोलायची नाही.

एका दुपारी रिगात एकटीच माझ्याकडे कॉफीला आली. मीच विषय काढला. "पोरी, अजून राग आहे का?"

"राग केव्हाच गेला, झाइदताई. मी तिकडे म्हाताऱ्यांना भरवते, त्यांची पोरं महिनोन्महिने येत नाहीत. मला कळतं तिने काय केलं आणि का केलं. माझ्या जागी कोणीही असतं तर तिने तेच केलं असतं." तिने कप खाली ठेवला. "पण ती माझ्या ताटात वाढते ना, तेव्हा मला पाहुण्यासारखं वाटतं. मी काय करू? प्रयत्न करते. होत नाही."

"तिला सांगितलंस हे?"

"सांगून काय होणार? तिला ते दिसतंच."

ती गेली त्या दिवशी अब्रेहेत स्टेशनवरून सरळ माझ्याकडे आली. मी जेवायला वाढलं. तिने खाल्लंही, नेहमीसारखं, नीट चावून.

"मेहरेत कशी चालायची ते मी विसरून गेले होते," ती म्हणाली. "तोंडावळा आठवत होता, आवाज आठवत होता, चालणं नव्हतं आठवत. आज ही बॅग ओढत गाडीकडे गेली ना, पाठमोरी, तेव्हा एकदम आठवलं. तशीच चालायची, एक खांदा जरा पुढे काढून. मी तिला हाक मारणार होते, मेहरेत म्हणून."

"मारलीस?"

"नाही. गाडी सुटत होती."

मी कॉफीची दुसरी फेरी ओतली. ती प्यायली, दोन्ही कप धुऊन पालथे घातले आणि ओढणी घेऊन उठली. धुलाईघरात तिची दुपारची पाळी होती.